माळ्यावरचा चहा

मार्च उजाडला की दार्जिलिंगच्या नव्या हंगामाची जाहिरात करणारे संदेश मोबाइलवर येऊ लागतात आणि माझे बोट आपोआप मागणी नोंदवायला सरसावते. यंदा ते यजमानांनी मध्येच थांबवले. "आधी घरात किती आहे ते मोज, मग मागव," एवढेच ते म्हणाले आणि पुन्हा वर्तमानपत्रात शिरले. मी गेली बावीस वर्षे कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते आणि वजन केल्याशिवाय वहीत आकडा लिहू नये हे दरवर्षी मुलांना बजावते, त्यामुळे या वाक्यावर वाद घालण्याची मला सोयच उरली नाही.

आम्ही नागपूरच्या प्रतापनगरात दुसऱ्या मजल्यावर राहतो आणि आमच्या डोक्यावर थेट गच्ची आहे. ही गोष्ट आताच सांगून ठेवते, कारण पुढे तिच्यावर बरेच काही अवलंबून आहे. घरात चहा पिणारी माणसे तीन. सासूबाईंचा आणि यजमानांचा चहा दुधाचा, आले ठेचून घातलेला, गंजात रटरटा उकळलेला. माझा पानांचा, दुधाशिवाय. साठा म्हणावा असा जो काही आहे तो सगळा माझाच, आणि त्याचा साठा केव्हा झाला हे मला कळले नाही. कुणी आसामला जाऊन आले की एक पाकीट, बंगळुरूहून लेक आली की दोन डबे, आणि दर मार्चमध्ये माझी स्वतःची मागणी असे करत करत ते वाढत गेले.

पहिल्या रविवारी मी स्वयंपाकघरातले फडताळ, दिवाणखान्यातले काचेचे कपाट, फ्रिजचे दार आणि शेवटी माळा अशा क्रमाने सगळे जेवणाच्या टेबलावर आणून मांडले. टेबल पुरले नाही, म्हणून सतरंजी अंथरली. प्रयोगशाळेतून निवृत्त झालेला एक छोटा वजनकाटा माझ्याकडे आहे, तो दशांश ग्रॅमपर्यंत दाखवतो. त्यावर एकेक डबा रिकामा करून, तोलून, पुन्हा भरत गेले. संध्याकाळपर्यंत वहीत ४७ नोंदी झाल्या. त्यांपैकी २८ उघडलेल्या होत्या आणि १९ न उघडलेल्या. एकूण वजन ५ किलो १२० ग्रॅम. मी दिवसाला तीन कप पिते, कपाला अडीच ग्रॅम धरले तर साडेसात ग्रॅम, म्हणजे एक चिमूटही नवी विकत घेतली नाही तरी ६८२ दिवसांची बेगमी घरात होती. सासूबाई सतरंजीच्या कडेला खुर्ची टाकून हे सगळे पाहत होत्या. "एवढी पत्ती कोण पिऊन राहिलं गं घरात?" त्यांनी विचारले. मी आकडा सांगितला नाही.

नोंदी करताना एक गोष्ट लगेच लक्षात आली आणि ती थोडी लाजिरवाणी होती. उघडलेल्या २८ डब्यांमध्ये बहुतेक साधा, रोजचा, परवडणारा चहा होता, आणि न उघडलेल्या १९ पाकिटांमध्ये जवळजवळ सगळा चांगला. म्हणजे चांगला म्हणून जे जे आणले होते ते ते मी कधीतरी निवांतपणे पिऊ म्हणून बाजूला ठेवले होते, आणि निवांतपणा आला नव्हता. पालमपूरला गेलो होतो तेव्हा घेतलेले कांगड्याच्या हिरव्या चहाचे पाकीटही त्यातच होते. ४ एप्रिल १९०५ च्या भूकंपाने ज्या खोऱ्यातला चहाचा उद्योग जवळजवळ संपवला, तिथून आणलेला चहा असाच कसा फोडायचा, असा काहीसा भाव मनात होता. प्रत्यक्षात तो चहा माझ्या घरात पाच वर्षे पडून संपत आला होता.

परंतु त्या दिवशी मला अजून असेच वाटत होते की न उघडलेला चहा सुरक्षित असतो आणि उघडलेलाच काय तो उतरतो. हे मत तपासायचे तर चव घेणे भाग होते, आणि ४७ चहांची चव घ्यायची तर पद्धत हवी. अशी पद्धत उपलब्ध आहे. चहाची चाचणी कशी करावी याचे आंतरराष्ट्रीय मानक आहे, त्याचा क्रमांक ३१०३, पहिल्यांदा १९८० मध्ये निघाले. शंभर मिलिलिटरला दोन ग्रॅम चहा, पांढऱ्या चिनी मातीचे भांडे, उकळते पाणी आणि सहा मिनिटे, असा त्याचा सारांश. याच्याच ब्रिटिश भावंडाला, सहा पानांच्या त्या कागदाला, १९९९ मध्ये विनोदी संशोधनासाठी दिले जाणारे इग नोबेल पारितोषिक मिळाले होते, आणि तेही साहित्याचे. हसण्यासारखे आहे खरे, पण पद्धत चोख आहे. ती चहा रुचकर व्हावा म्हणून बनवलेली नाही. हिरव्या चहावर कोणी उकळते पाणी सहा मिनिटे ठेवून प्यायला देणार नाही, पण तसे केले की त्यातला प्रत्येक दोष उघडा पडतो.

मी दीडशे मिलिलिटरला तीन ग्रॅम घेतले, रोज सकाळी सहा नमुने, असे आठ दिवस. सहापेक्षा जास्त घेता येत नाहीत, कारण चहातली पॉलिफिनॉल लाळेतल्या प्रथिनांना चिकटतात आणि जीभ तुरट, जड होते. मग सातवा चहा कसाही असला तरी सहाव्यासारखाच लागतो. पाण्याचाही प्रश्न होता. नागपूरचे पाणी पेंच आणि कन्हानचे, आणि आमच्या नळाच्या पाण्यातला चहा निवू लागला की त्यावर तवंग धरतो. पाण्यातले कॅल्शियम आणि बायकार्बोनेट यांच्यामुळे तो धरतो, चहाच्या दोषामुळे नव्हे. यंत्रातून गाळलेले पाणी वापरले तर तवंग जातो पण चहा पोकळ लागतो. शेवटी दोन्ही निम्मे-निम्मे घेतले आणि आठही दिवस तेच ठेवले.

पहिल्याच दिवशी माझे मत मोडले. माळ्यावर दार्जिलिंगच्या पहिल्या बहराचे एक पाकीट होते, चार वर्षांपूर्वीचे, शंभर ग्रॅमचे, सीलबंद. पुठ्ठ्याचा सुंदर खोका, त्याला पाने दिसावीत म्हणून पारदर्शक खिडकी, आत पॉलिथीनची पिशवी. फेब्रुवारीच्या अखेरीपासून एप्रिलपर्यंत खुडला जाणारा हा चहा मुळातच हलका असतो. पाने जोरात सुकवतात, ऑक्सिडीकरण अर्धवट होते, म्हणून पानांत हिरवी झाक राहते आणि कपात फुलांचा, कच्च्या द्राक्षासारखा वास येतो. खोका उघडला तर पाने एकसारखी तपकिरी झाली होती. कपात वाळलेल्या कडब्याचा वास आला, तोही पुसट. उलट फडताळातल्या स्टीलच्या घट्ट झाकणाच्या डब्यात आसामचा दुसऱ्या बहराचा अखंड पानांचा चहा होता, उघडून दोन वर्षे झालेला, आठवड्यातून एकदा तरी हाताळला जाणारा. त्याचा कप तांबूस, भरदार, गुळाच्या काकवीच्या अंगाने जाणारा निघाला. दोन्ही कप शेजारी ठेवून मी बराच वेळ पाहत बसले. उघडलेला जिंकला होता.

हे कसे झाले याचा छडा लावायला माळ्यावर थर्मामीटर ठेवले. मार्चच्या मध्यावर दुपारी तीन वाजता स्वयंपाकघरात ३१ अंश होते आणि माळ्यावर, स्लॅबच्या खाली वीतभर अंतरावर, ३८. मे महिन्यात तेच पुन्हा पाहिले तेव्हा ४४ भरले. मे २०१३ मध्ये पारा ४७.९ अंशांवर गेलेल्या या शहरात गच्चीखालचा माळा म्हणजे बिनविजेची भट्टीच. तापमान दहा अंशांनी वाढले की रासायनिक अभिक्रियेचा वेग साधारण दुप्पट होतो हे मी दरवर्षी अकरावीच्या वर्गात फळ्यावर लिहिते, आणि स्वतःच्या सगळ्यात नाजूक चहाला मात्र चार उन्हाळे त्या भट्टीत ठेवले होते. खिडकीतून उजेड आत जात होता ते वेगळेच. शिवाय पॉलिथीन वाफ बऱ्यापैकी अडवते, पण ऑक्सिजन आणि सुगंध तिच्यातून बेलाशक ये-जा करतात. खोक्यावरचे सील शाबूत होते, आणि त्याच्या आतून चहा निघून गेला होता.

त्यानंतर मी 'न उघडलेला' हा शब्द वहीतून खोडला आणि त्या १९ पाकिटांचे वेष्टनानुसार तीन गट केले. अॅल्युमिनियमचा थर असलेली, हवा काढून बंद केलेली पाकिटे आठ. पुठ्ठा आणि पॉलिथीनची सात. आणि चार नुसतेच शोभेचे पत्र्याचे डबे, ज्यांच्या झाकणावर चिकटपट्टी होती पण आत काहीच वेगळे बंद नव्हते. आठपैकी सात पाकिटे चांगली निघाली. पुठ्ठ्याच्या सातांपैकी दोनच जगली. शोभेच्या डब्यांबद्दल न बोललेले बरे; त्यांपैकी एकावर हत्ती होता आणि चहाला गंजाचा वास होता.

एक तक्रारही इथेच नोंदवते. एका विक्रेत्याकडून 'यंदाचा पहिला बहर' म्हणून घेतलेल्या पाकिटावर पॅकिंगची तारीख नोव्हेंबरची होती. पाकिटावर छापलेली तारीख चहा पिशवीत कधी भरला ते सांगते, खुडला कधी ते सांगत नाही, आणि मधले सहा-सात महिने तो कुठे आणि कसा पडून होता हे विचारण्याची सोय ग्राहकाला नसते. आता मी खुडणीचा महिना लिहून न देणाऱ्याकडून हलका चहा घेत नाही.

हिरव्या चहांचा निकाल सगळ्यात वाईट लागला, आणि तो अपेक्षितच होता. हरितद्रव्यातले मॅग्नेशियम निसटले की ते फिओफायटिन होते आणि पानाचा पोपटी रंग शेवाळी, मग तपकिरी होत जातो. मेथीची भाजी झाकण ठेवून शिजवली की जे होते तेच, फक्त सावकाश. माझ्या पाच हिरव्या चहांपैकी चार त्या रंगाचे होते. फ्रिजच्या दारातली जपानी माचा तेवढी बरी होती, कारण ती सीलबंदच होती. उघडलेला चहा फ्रिजमध्ये ठेवू नये असे माझे ठाम मत झाले आहे. बाहेर काढून झाकण उघडले की आपल्या जुलै महिन्यातली हवा त्या गार पानांवर पाणी होऊन बसते. सीलबंद पाकीट ठेवावे, पण फोडण्याआधी रात्रभर बाहेर राहू द्यावे.

आता त्या ऊलाँगबद्दल, म्हणजे हिरव्या आणि काळ्या चहाच्या मधल्या प्रकाराबद्दल. तैवानचा, हलका भाजलेला, लेकीने आणलेला, दीडशे ग्रॅम. गेल्या उन्हाळ्यात तो मी दिवाणखान्यात, लाकडी झाकणाच्या देखण्या चिनी मातीच्या बरणीत ठेवला होता. त्या खोलीत कूलर आहे. एप्रिलमध्ये आम्ही त्याला वाळ्याच्या नव्या ताट्या बसवतो, आणि पहिले आठ दिवस घरभर तो ओला, थंड, मातकट सुगंध दरवळतो, ज्याच्यासाठी नागपूरचा माणूस उन्हाळ्याचे बाकी सगळे माफ करतो. बरणी कूलरच्या झोताच्या वाटेवर होती. चहाचे पान वास ओढून घेते ही काही नवी गोष्ट नाही. चीनमध्ये हिरव्या चहात रात्री मोगऱ्याच्या जातीची फुले मिसळून, सकाळी काढून, असे अनेकदा करून त्याला सुगंधित करतात तो याच गुणावर. मी अजाणतेपणी वाळ्याने तेच केले होते. मे महिन्यात एक पाहुणे येऊन गेले आणि कप तोंडाला लावताच म्हणाले, "वा, हा वाळ्याचा चहा कुठून आणला?" मी तैवान म्हटले. त्यांना ते विनोदी वाटले.

कूलरने वासाबरोबर ओलही दिली होती. कोरडे पान बोटांत धरून वाकवले की कट्कन मोडते. हे पान चामड्यासारखे वाकले. म्हणून मोजणीच्या वेळी मी त्याच्यावर थोडा प्रयोग केला. ऊलाँग बनवणारे लोक जुना माल मंद आचेवर पुन्हा भाजतात, ते ऐकून होते. पन्नास ग्रॅम पाने ताटलीत पसरून छोट्या ओव्हनमध्ये शंभर अंशांवर पंधरा मिनिटे ठेवली. बाहेर काढून तोलली तर ४६.८ ग्रॅम भरली. ३.२ ग्रॅम पाणी उडाले होते, म्हणजे सहा टक्क्यांहून जास्त. पान पुन्हा कट्कन मोडू लागले, भाजल्याचा एक खमंग वास आला, आणि त्या खमंग वासाच्या मागे वाळा जसाच्या तसा होता.

मार्चच्या शेवटी आमची चौकडी माझ्याकडे जमली. धरमपेठेतल्या एक डॉक्टर मॅडम, बँकेतून निवृत्त झालेले एक काका, मिहानमध्ये संगणकाचे काम करणारा एक तरुण आणि मी, असे आम्ही महिन्यातून एकदा कुणाच्या तरी घरी बसतो. या वेळी मी प्रत्येकाला आपापल्या घरची यादी आणायला सांगितले होते. डॉक्टर मॅडमची यादी चार ओळींची होती. त्या पन्नास ग्रॅमहून मोठे पाकीट घेतच नाहीत आणि संपल्याशिवाय दुसरे आणत नाहीत. हे इतके बरोबर आहे की त्यावर चर्चा करण्यासारखे काही उरत नाही, आणि आम्ही ती केली नाही.

तरुणाची गोष्ट उलट आहे. तो पुएर, म्हणजे चीनच्या युनान प्रांतातला मुरवायचा चहा साठवतो, तबकडीसारख्या दाबलेल्या वड्या, एकेक ३५७ ग्रॅमची, कागदात गुंडाळलेली. त्याच्याकडे अकरा आहेत आणि सहा अजून कागदातून बाहेरही निघालेल्या नाहीत, पण त्याचा तो दोष नव्हे, हेतू आहे. कच्चा पुएर वर्षानुवर्षे मुरत जातो. पिकवलेला पुएर ही त्या मुरण्याची घाई, ओलसर ढिगाऱ्यात चहा पिकवण्याची ती रीत कुनमिंगच्या कारखान्यात १९७३ मध्ये बसवली गेली. मुरण्यासाठी हवेत दमटपणा लागतो. तो साधारण साठ-पासष्ट टक्के असावा असे तो मानतो, आणि त्याच्या खोलीतला आर्द्रतामापक एप्रिलमध्ये सतरा दाखवतो. "मॅडम, तुमचा चहा नागपुरात मरतो आणि माझा झोपतो," तो म्हणाला. मग ऑगस्टमध्ये तोच आकडा ऐंशीच्या वर जातो आणि बुरशीची भीती सुरू होते. त्याने आधी कोरे मडके आणले, तर त्याला मातीचा वास. आईने कौतुकाने चिनी मातीची बरणी देऊ केली, तर तिच्यात तीस वर्षे लोणचे मुरलेले. अखेरीस बंद पडलेला एक जुना फ्रिज धुऊन, महिनाभर उघडा ठेवून, त्यात आर्द्रता सांभाळणाऱ्या पुड्या टाकून त्याने वड्या आत लावल्या. फ्रिजला वायर नाही. त्याच्या घरी येणारा प्रत्येक जण त्यात थंड पाणी शोधतो.

खरा वाद काकांशी झाला. काकांकडे खतावणी आहे, लाल कापडी बांधणीची, आणि तिच्यात प्रत्येक चहाची आवक, जावक, शिल्लक तारीखवार. नियम एकच, आधी आलेला माल आधी खपवायचा. जुने संपल्याशिवाय नवे फोडायचे नाही. "शिस्त आहे, म्हणून माझ्याकडे उघडे डबे फक्त तीन," ते म्हणाले. ऐकायला हे निर्दोष वाटते आणि मीही इतकी वर्षे न लिहिता हाच नियम पाळत आले होते. म्हणूनच तो कसा बिघडतो ते मला सांगता येत होते. चार वर्षांपूर्वी ते दार्जिलिंग घरी आले तेव्हा माझ्याकडे खरपूस भाजलेल्या ऊलाँगचे पाव किलोचे पाकीट नुकतेच फोडलेले होते. नियमाप्रमाणे मी आधी ते संपवले. मग आसाम होता, मग निलगिरी, आणि प्रत्येक वसंतात आणखी काहीतरी आधीचे शिल्लक निघत गेले. ज्या ऊलाँगला दोन वर्षे थांबायला काहीच हरकत नव्हती त्याला मी ताजे असताना संपवले, आणि ज्याला आठ-दहा महिन्यांत प्यायला हवे होते त्याला थांबवून ठेवले. भाजीच्या टोपलीत आधी आणलेला बटाटा आणि नंतर आणलेली पालक असेल तर कोणतीही बाई पालक आधी चिरते. तारीख बघून बटाटा चिरत नाही.

काकांनी हे लगेच मानले नाही. बँकेत चाळीस वर्षे काढलेल्या माणसाने का मानावे? त्यांनी खतावणी उघडून सीलबंद हिरव्या चहाची एक नोंद दाखवली, अठरा महिन्यांपूर्वीची, आणि ती अजून रांगेत पाचवी होती. मी त्यांना तो चहा आणायला सांगितले नाही. पुढच्या महिन्यात त्यांनी तो स्वतःच आणला, फोडला, वास घेतला, आणि खतावणीत 'जावक' या रकान्यात पन्नास ग्रॅम एकदम लिहून टाकले. अजूनही ते म्हणतात की नियम चूक नव्हता, फक्त खाती चुकीची पाडली होती.

आमच्याकडे आता फडताळाचे तीन खण आहेत, तिन्ही जमिनीपासून कमरेपर्यंतच्या उंचीचे आणि गॅसच्या शेगडीपासून लांबच्या भिंतीचे. माळ्यावर फक्त गाद्या आहेत. खालच्या खणात पिकवलेला पुएर आणि भाजलेले ऊलाँग, ज्यांना घाई नाही. मधल्यात आसाम, निलगिरी आणि दार्जिलिंगचा दुसरा बहर. आणि डोळ्यांसमोर राहील असा वरच्या खणात हिरवा चहा आणि पहिला बहर. प्रत्येक डब्यावर कागदी चिकटपट्टीवर दोन तारखा, खुडणीची आणि उघडण्याची. मोठे पाकीट फोडले की पंचवीस ग्रॅम लहान डब्यात काढते आणि उरलेले हवा दाबून पुन्हा बंद करते. डबा अर्धा झाला की चहा त्याहून लहान डब्यात जातो, कारण अर्ध्या रिकाम्या डब्यात उरलेला अर्धा भाग हवेचाच असतो. हे सगळे करायला लागणारे लहान डबे मी इतवारीतून आणले तेव्हा यजमानांनी चहा मोजायला सांगितला होता, डबे वाढवायला नव्हे, अशी आठवण करून दिली.

इतवारीवरून सासूबाईंच्या डब्याची गोष्ट आठवली. त्यांची पत्ती तिथल्या किराणा बाजारातल्या एकाच दुकानातून येते, दोन भाग दाणेदार आणि एक भाग डस्ट असे दुकानदार डोळ्यांदेखत मिसळून देतो. १९३० च्या दशकात आसामात निघालेल्या यंत्रात चिरडून, फाडून, वळवून केलेला हा सीटीसी चहा. दाणा बारीक, म्हणून उकळत्या पाण्यात रंग आणि कडकपणा झपाट्याने सुटतो, आणि त्याच कारणाने उघडा राहिला तर तो अखंड पानापेक्षा लवकर उतरतोही. आठ दिवसांच्या चाचणीत मी शेवटचा नमुना, अठ्ठेचाळिसावा, त्यांच्या डब्यातून घेतला, जरा गंमत म्हणूनच. डबा अॅल्युमिनियमचा, पोचे पडलेला, झाकण सैल. चहा ताजा, खणखणीत, एकही दोष नसलेला. त्या डब्यात महिन्याला एक किलो येतो आणि महिन्याला एक किलो जातो. जुना होण्याइतका वेळ त्यातल्या चहाला कोणी देतच नाही. "मग? मी काय सांगत होती," त्या म्हणाल्या. त्या काहीच सांगत नव्हत्या, पण मी कबूल केले.

हिशेब पूर्ण करते. ४७ पैकी ११ नोंदी बाद झाल्या, वजनाने ९३० ग्रॅम. चव घेण्यातच १४१ ग्रॅम गेले. बाद झालेला काळा चहा गच्चीवरच्या कुंड्यांच्या खतात गेला, हिरवा वाटीत घालून फ्रिजमध्ये ठेवला, कारण वास ओढण्याचा गुण त्याच्यात अजून शाबूत होता. शिल्लक चार किलोंच्या थोडी वर, म्हणजे ५४० दिवस. हा आकडा यजमानांना सांगितल्यावर मी पहिल्या बहराची मागणी नोंदवली, पन्नास ग्रॅमची. एप्रिलच्या अखेरीस पाकीट आले त्याच संध्याकाळी फोडले. आले तेव्हा बाहेर ४३ अंश होते आणि घरात कोणीही गरम काही प्यायच्या मनःस्थितीत नव्हते, तरी.

वाळ्याचा ऊलाँग बाद यादीत टाकायला हात धजेना. एप्रिलमध्ये एका रात्री त्यातला आठ ग्रॅम माठातल्या एक लिटर पाण्यात टाकून, झाकून ठेवला. गार पाण्यात कडू-तुरट घटक कमी उतरतात आणि सुगंध पुरेसा येतो, त्यामुळे गरम चहापेक्षा हा प्रकार मऊ लागतो. सकाळी गाळला तर फिकट सोनेरी पाणी, आणि पहिल्या घोटाला तोच माठातल्या पाण्यात सोडलेल्या वाळ्याच्या जुडीचा गारवा, मागून फुलांसारखा ऊलाँग. सासूबाईंनी दुधाशिवायचा चहा आयुष्यात पहिल्यांदा पेलाभर प्याला आणि दुपारी पुन्हा मागितला. मे महिना संपेपर्यंत तो अधूनमधून रात्री माठात पडत होता, काकांनी आपल्या खतावणीत त्याला स्वतंत्र खाते उघडले, आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात बरणीचा तळ दिसला.

"पुढच्या उन्हाळ्यात तोच आण," सासूबाई म्हणाल्या. तो विकत मिळत नाही हे त्यांना पटवून देणे अवघड आहे. मधल्या खणात निलगिरीचे एक पाकीट आहे, आणि कूलरच्या झोतापासून बरणी नेमकी किती अंतरावर होती ते मी यजमानांना न सांगता टेपने मोजून ठेवले आहे.